लोटनआप्पांची कोमेजलेली फुलं

लोटनआप्पा फुलांना टेप लावतात. कपड्याचं माप घ्यायचा टेप असतो ना, तोच. मांडवाखालून उचललेला झेंडू पाटावर ठेवायचा, मोजायचा, दोन दिवसांनी पुन्हा मोजायचा. मग मला सांगायचं, "छाती आर्धा इंच गयी." जणू झेंडूनं जेवण सोडलंय.

तळोद्यात आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. आप्पांनी जन्मभर शिवणकाम केलं. पुढे गिऱ्हाईक रेडिमेड घालायला लागलं, दुकान बंद झालं, त्याच वर्षी त्यांच्या पत्नी वत्सलाकाकू वारल्या. तेव्हापासून हा उद्योग. गल्लीत लग्न, निकाह, सत्कार काही असो, दुसऱ्या दिवशी आप्पा पिशवी घेऊन हजर. कोमेजलेल्या पाकळ्या कोळशाच्या इस्त्रीखाली दाबायच्या आणि मैद्याच्या खळीनं बक्रमवर, कॉलरच्या आतल्या कडक कापडावर, चिकटवायच्या. त्यातून बैल होतो, विहीर होते, हंडा घेतलेली बाई होते.

ताजं फूल त्यांना चालत नाही. "ताजं फूल घमेंडी ऱ्हास. वाकाडं तं मोडी जास. कोमायेल फूल सांगेल आयकस." मी बी.ए. आहे, आमच्या कुळातला पहिला, आणि हे मी मान वर करून सांगतो. पण आप्पांशी वादात कधी जिंकलो नाही.

शिंपी गिऱ्हाइकाच्या कापडाला नावाची चिंधी टाचतो, अदलाबदल नको म्हणून. आप्पा फुलांनाही टाचतात. एकदा दोन चिंध्या गळून पडल्या. एक लग्नाची, एक तेराव्याची. आप्पांना जेवण जाईना. शेवटी नवरदेवाच्या घरी जाऊन विचारलं, "तुम्हना झेंडू पिवळा व्हता का केसरी?" ते लोक पिवळा म्हणाले. मग तेराव्याच्या घरी गेले. तेही पिवळाच म्हणाले. आप्पांनी तो सगळा झेंडू नदीत सोडला.

यंदा आप्पांच्या मुलानं ठरवलं, त्यांनी सुरतेला त्याच्याकडे राहायला यायचं. घर विकलं. रविवारी टेम्पो येणार. सामान बांधायचं माझ्याकडे आलं, कारण मुलाला सुटी नव्हती आणि मी मास्तर, मला उन्हाळ्याची होती.

तीन दिवसांत माझी कंबर गेली. मुलानं पाठवलेल्या खोक्यांपैकी तीन आप्पांनी कापून चित्रांना पाठीमागून लावली. कप गुंडाळायच्या पेपरात जास्वंदी झोपलेल्या. पहिल्या दिवशी कुरडईचा साचा निघाला. "आप्पा, हा न्यायचा का?" आप्पा उठले, अंगणातली गळलेली जास्वंद उचलून आणली आणि चिकटवत बसले. दुपार गेली. मग काकूंचा पोळपाट निघाला. पुन्हा अंगण, पुन्हा खळ. शनिवारी माझ्या ध्यानात आलं, काकूंची वस्तू निघाली की एक फूल चिकटतं. आणि त्या घरात काकूंच्याच वस्तू जास्त होत्या. मग मी विचारायचं सोडलं.

माझी आई चहा घेऊन यायची. "आप्पा, सामान बांधी ऱ्हायनात का बाग लाई ऱ्हायनात?"

"बाई, चहा फिका शे."

"मंग तुम्हनी खळ टाकू का चहामा?"

शनिवारी संध्याकाळी मुलाचा फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं. "आप्पा, ते वाळेल फुलं आनू नका. घर धाकलं शे, झुरळं व्हतीन."

आप्पा म्हणाले, "बरं."

मी म्हटलं, "मी बोलतो त्याच्याशी."

"नको रे. तेन्हं घर शे."

भिंतीला चाळीसेक चित्रं टेकून उभी होती. आप्पा त्यांच्याकडे पाठ करून झोपले.

रविवारी सकाळी आंघोळ करून, टोपी घालून, चित्रं काखेत मारून ते निघाले. पूर्वी शिवलेले कपडे पोचवायचे तसे दारोदार. गल्लीतल्या शब्बीरभाईंना त्यांच्या जावयाच्या सेहऱ्यातल्या गुलाबांचं चित्र मिळालं. मागच्या चिंधीवरचं लेकीचं नाव वाचून शब्बीरभाई ओट्यावर बसले, म्हणाले, "आप्पा, ये तो हमने फेंक दिये थे."

आमच्या दाराशी आले तेव्हा चिंधीवर माझं नाव होतं, पुढे बी.ए. मी पास झालो तेव्हा गल्लीनं हार घातला होता. तो दुसऱ्या दिवशी मीच उकिरड्यावर टाकला होता. चित्रात मी असेन असं वाटलं. नव्हतो. कापसाच्या रानात वाकलेली एक बाई होती, पदर डोक्याला बांधलेला. आप्पांनी ते आईच्या हातात दिलं.

"हार याले घाला व्हता. कापूस तं तू येचा व्हता."

माझ्या आईकडे सगळ्याला उत्तर असतं. ती चहा टाकायला आत गेली.

टेम्पो आला. अर्धाच भरला. कुरडईचा साचा मी आप्पांना न विचारताच मध्ये ठेवला, वर दोरी बांधली. आप्पा ड्रायव्हरशेजारी बसले. रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

"तठे फुलं भेटतीन का रे?"

"आप्पा, सुरत शे ती. तठे रोज लगीन ऱ्हास."

"भेटतीन तं खरं," आप्पा म्हणाले. "पन कोना घरना शेतस, ते माले कोन सांगी?"