चिमणीच्या उजेडातली लेखिका

तृप्ती आहेरची कथा कॉलेजच्या वार्षिकांकासाठी निवडली गेली, तेव्हा तिला आकाश ठेंगणं झालं. पण कथेसोबत दहा ओळींचा स्वपरिचय द्यायचा होता आणि तिथंच घोडं अडलं. कथा लिहिताना कुठे न थांबलेलं पेन स्वतःबद्दल लिहिताना तिसऱ्या ओळीतच थबकलं. नाव, वर्ग आणि 'आईवडिलांसोबत एकलहऱ्याच्या वसाहतीत राहते.' पुढे काय लिहिणार? वडील नोकरीला, आई घरी, रविवारी इडली. दुःख म्हणावं असं काही बिचारीच्या वाट्याला आलंच नव्हतं.

तिनं लायब्ररीतून जुने वार्षिकांक आणले. त्यातला एकही लेखक सुखात वाढलेला नव्हता. कुणी अनवाणी शाळेत गेला होता, कुणी उपाशी झोपला होता, एकाची तर ऐन परीक्षेत म्हैस मेली होती. आपल्या पोटभर जेवलेल्या बालपणाची तृप्तीला भयंकर लाज वाटली. तिनं पुन्हा पेन उचललं.

'आमच्या घरात वीज नव्हती. रॉकेलच्या चिमणीच्या मिणमिणत्या उजेडात मी पहिली कथा लिहिली. अंधारानेच मला शब्द दिले.'

हे वाचून तिचं तिलाच भरून आलं. हे सगळं तिनं ट्यूबलाइटखाली बसून लिहिलं होतं आणि पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडू नये म्हणून त्यावर टीव्हीचा रिमोट ठेवला होता. भावनेच्या भरात एवढंच राहून गेलं की तिचे वडील, वाल्मीकराव आहेर, त्याच एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होते.

अंक निघाला. तृप्तीनं आपली प्रत कपाटात साड्यांखाली दडवली. पण वसाहतीतली निम्मी पोरं त्याच कॉलेजात होती. दुसऱ्याच दिवशी वीज केंद्रात चहाच्या वेळी कुणीतरी तो परिचय साऱ्या पाळीला मोठ्यानं वाचून दाखवला.

"आहेर, तुमच्याकडं लाइटच नाय म्हणे?"

"साऱ्या दुनियेला वीज पुरवता, पोरीला एक बल्ब नाय लावून दिला?"

एका सहकाऱ्यानं तर त्यांच्या डब्याच्या पिशवीत मेणबत्ती टाकली. वाल्मीकराव घरी आले ते तापलेले.

"पप्पा, लेखकांना असं लिहावं लागतं," तृप्ती पुटपुटली.

"लागतं? अगं, मी खरंच चिमणीवर शिकलो, सटाण्याकडं. आपल्या लेकराला तरी उजेड मिळावा म्हणून हितं चिकटलो. अन् तू खुशाल छापून टाकलं, घरात अंधार हाय!"

"अहो, पोरीचं नाव छापून आलंय, ते बघा ना," तृप्तीची आई, ललिताबाई, मध्ये पडल्या.

"माझं बी गाजतंय की. लय!"

असं म्हणून त्यांनी बोर्डावरचा मेन फ्यूज उपसला आणि खिशात टाकला. "अंधार पाहिजे ना? घे. लिही आता!" चपला घालून ते निघून गेले.

घर काळंठिक्कर पडलं. ललिताबाईंनी चाचपडत पिशवीतली मेणबत्ती शोधून लावली. त्या उजेडात तृप्तीला एक ओळही सुचेना. पप्पांचा चेहरा आठवून तिला रडू मात्र येत होतं.

तेवढ्यात दाराशी आवाज आला. वार्षिकांकाचे संपादक भामरे सर वाङ्मय मंडळाच्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन आले होते. सरांच्या हातात लाल फीत बांधलेला कोरा कंदील होता.

"तृप्ती! मला वाटलं त्याहून बिकट परिस्थिती आहे गं तुमची!"

"सर, तसं नाही. शेजारी बघा, सगळीकडे..."

"तेच तर! शेजारी लखलखाट आणि इथे काळोख! केवढी ही विषमता!" सरांनी कंदील पुढे केला. "मंडळातर्फे हा कंदील ठेव. आणि पुढच्या महिन्यात विद्यार्थी लेखकांचा मेळावा आहे. 'अंधारातून अक्षरांकडे' या विषयावर तूच बोलायचं. मी नाव देऊन टाकलंय."

मेळावा! स्टेज, माइक, समोर भरलेलं सभागृह. तृप्तीचा जीव हरखला. तिला काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प राहायचं होतं.

इतक्यात वाल्मीकराव परतले. सरांनी पुढे होऊन त्यांचा हात धरला. "आहेरसाहेब, गरिबीत लाज कसली? खचू नका."

वाल्मीकरावांनी लेकीकडे पाहिलं. खिशातला फ्यूज बाहेर काढायला कितीसा वेळ लागला असता? पण तिच्या सरांसमोर तिला खोटं पाडायला त्यांचा जीव होईना. "बसा सर," एवढंच म्हणून ते मान खाली घालून कोपऱ्यात बसले. साऱ्या पाळीला तोंड देऊन आलेला माणूस स्वतःच्या घरात असा बसलेला तृप्तीला बघवेना.

"पप्पा, फ्यूज लावा."

"ऱ्हाऊ दे गं."

"लावा म्हणते ना!"

त्यांनी फ्यूज बसवला. ट्यूब लागली, पंखा फिरला, फ्रिज गुरगुरला आणि टीव्हीवरची सासू आधीच्या आवाजात सुनेवर ओरडू लागली. त्या झगझगाटात सर हातात कंदील धरून उभे होते.

"सर, मी खोटं लिहिलं," तृप्ती एका दमात म्हणाली. "पप्पा कंट्रोल रूममध्ये आहेत. आमच्याकडे लाइट कधी जातच नाही. मला दुःख असं काही नाहीच, आणि तेच लिहायची लाज वाटली."

सरांनी मान वर करून फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. त्या वर्षी शहरभर भारनियमन चालू होतं.

"कधीच जात नाही?" त्यांनी हळूच विचारलं. "संध्याकाळी पण?"

"नाय जात," वाल्मीकराव म्हणाले. आता त्यांची मान वर होती.

मेळाव्यातलं नाव अर्थातच कापलं गेलं. तृप्ती दोन दिवस रडली. मग तिनं त्या संध्याकाळची सगळी हकिगत लिहून काढली आणि पुढच्या अंकासाठी सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी वाचायला सुरुवात केली. सुरुवातीला ते हसले, मग थांबले, मग त्यांनी लाल पेन काढलं.

"चांगलं झालंय. पण कंदिलाची लाल फीत तेवढी काढ. माझं हसं होईल."

"नाही सर. ती राहणार."

आपण सरांना नाही म्हणालो, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. सरांनी पेनाला टोपण लावलं, कागद नीट जुळवले आणि इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला.

"बरं, राहू दे. पण मग या अंकाची प्रुफं तुमच्या घरी बसून तपासली तर चालेल का? आमच्याकडे नेमकी संध्याकाळीच लाइट नसते."

"पप्पांना विचारून सांगते," तृप्ती म्हणाली.