अंबादास मास्तरांची चीनमधली पोरं

चीनमधून आणलेल्या भोकाच्या नाण्यात कोंबड्याची पिसं खोवून आमचे अंबादास मास्तर मधल्या सुट्टीत ती पायानं उडवीत. वय पन्नाशीचं, धोतराचा काचा मारलेला, टोपी कानावर. एका दमात साठ-सत्तर वेळा! कुणी हसलं की म्हणत, "आमच्या चीनमध्ये प्रिन्सिपॉलसुद्धा खेळतात की!"

मास्तर सोलापुरातल्या विणकर घरातले. चीनमधल्या एका कॉलेजात चार वर्षं इंग्रजी शिकवून ते आमच्या शाळेत आले. घरी तेलुगू, वर्गात मराठी आणि रागावले की चिनी. भर वैशाखात चिनी रिवाजानं वाफाळतं पाणी फुंकून पीत. "रविवारी आमी होडीतनं जायचो. पोरं गायची, मी वल्हं मारायचो. लई मजा!" एवढं ऐकलं की मी ओरडे, "सुटले मास्तर चीनला!" मग सगळे उठून जात.

त्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये मी त्यांची नक्कल केली. काळ्या लोकरीची कमरेपर्यंत शेंडी लावली, डोळे बारीक केले. वर म्हणालो, "मास्तर कसले चीनला जातात! कलकत्त्यात चिन्याच्या दुकानी जोडे शिवत होते!" मांडव हसून हसून लोळला. पहिल्या रांगेत मास्तरही हसत होते.

पुढचे दोन दिवस ते शाळेत आले नाहीत. हेडमास्तरांनी चौकशीला मलाच पाठवलं.

मास्तर खोलीत एकटेच होते. खाटेवर त्यांच्याच अक्षरात चीनचा पत्ता लिहिलेलं, टपालाच्या शिक्क्यांनी भरलेलं पाकीट पडलं होतं.

"परत आलं. तिकडं लढाई पेटलीय. कॉलेज जळालं म्हणतात."

"कधी आलं?"

"गॅदरिंगच्या दिवशी, सकाळी."

"मग तुम्ही तिथं आलात कशाला?"

"फळ्यावर लिवलं होतं, तुमी चीनचं कायतरी करणार. म्हटलं, गावात कुणीतरी नाव काढतंय."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात तेच म्हणाले, "शेंडी तेवढी चुकली बघा. माझ्या पोरांत एकालाबी नव्हती."

मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "वेळ आहे का थोडा?"

मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली. एकेक चिनी नाव सावकाश, स्पष्ट. प्रत्येक नावानंतर ते क्षणभर थांबत, आणि मग पुढचं नाव घेत.

मी खाली मान घालून ऐकत राहिलो.