उल्काबाईंच्या फंडाला हात

फरीदाबादच्या पार्कात बळवंतराव रोज सकाळी फिरायला जात. (फिरणं थोडं, बाकावर बसणंच जास्त.) एके दिवशी बसल्या बसल्या त्यांनी मोबाइलवर घरचा म्युच्युअल फंड बघायचं ठरवलं. नुसता बघायचा हो! पण तिथेच घात झाला.

फंडात पहिलं नाव बायकोचं, उल्काबाईंचं, फोन नंबरही त्यांचाच. बाई चौथी शिकलेली, पण दर महिन्याला पैसे गेले की नाहीत हे डोळ्यांत तेल घालून बघणारी. नवरा रिटायर झाला की सरकारी क्वार्टर सोडावं लागणार, तेव्हा डोक्यावर स्वतःचं छप्पर हवं, म्हणून हा फंड. बाजार चढो नाहीतर आपटो, तोवर हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. कोणी केला ते सांगायला नकोच.

आणि आज बघतात तर स्क्रीन लालभडक! फंड चांगलाच घसरला होता.

"निकालो सब, भाईसाहब," शेजारचे भाटियाजी म्हणाले. "मेरे वाले शेअर में डालो. देखते देखते डबल!"

"पर मिसेस..."

"अरे यार, घर में मर्द कौन है?"

हा प्रश्न बळवंतरावांना कोणी विचारू नये. त्यांनी तिरीमिरीत सगळं विकायचं बटण दाबलं. ओटीपी गेला उल्काबाईंच्या फोनवर! सरळ मागायची छाती नव्हती. मग या शहाण्याने (हो, हाच माणूस ऑफिसात दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढतो) भाटियाजींच्या फोनवरून बायकोलाच फोन लावला. तोंडावर रुमाल, आवाज जाड. भाटियाजींनी हौसेने स्पीकर चालू केला.

"मॅडम, हम फंड के ऑफिस से बोल रहे हैं. आपके मोबाइल पे एक नंबर आया होगा, वो बता दीजिए."

"अच्छा? नंबर चाहिए?" पलीकडून आवाज आला. "पहले अपना थोबडा दिखा! हराम का खाते शरम नहीं आती? मेरे घर की ईंट-ईंट का पैसा है वो! मेरा आदमी सरकारी दफ्तर में है. उसको पता चला ना, तेरी टांगें तोड़ देगा!"

भाटियाजींनी बळवंतरावांच्या टांगांकडे पाहिलं.

बाईंचं हिंदी संपलं आणि मराठी सुरू झालं. "मेल्या, तुझ्या आईने हेच शिकवलं का रे तुला?" (सासूबाईंचा उद्धार इतक्या मोकळेपणी त्या पहिल्यांदाच करत होत्या.) तो उद्धार आटोपेपर्यंत ओटीपीची मुदत संपून गेली.

बळवंतराव घरी आले. उल्काबाईंनी पानात गरम थालीपीठ टाकलं.

"अहो, चोराचा फोन आला होता. तुम्ही असतात तर मोडली असती ना त्याची टांग?"

"मोडलीच असती," बळवंतराव पुटपुटले. पुन्हा फंडाला हात लावायची हिंमत काही झाली नाही.

पुढे काही महिन्यांनी भाटियाजींचा शेअर असा आपटला की ते पार्कात दिसेनासे झाले. इकडे फंड रांगत रांगत का होईना, वर आला. बळवंतराव मनाशी हिशेब करू लागले. त्या दिवशी बाईने नंबर दिला असता तर? म्हातारपणी गेलो असतो कुठे? देवासारखी धावून आली ही बाई! त्यांनी बाजारातून तिच्या आवडीची सीताफळं आणली, समोर ठेवली आणि खाली मान घालून म्हणाले, "उल्का, तुझे उपकार आहेत. तो चोर... मीच होतो गं."

"ठाऊक आहे," त्या सीताफळ फोडत म्हणाल्या.

"ठाऊक आहे? आवाज तर किती बदलला होता मी!"

"आवाजाचं काय घेऊन बसलात! खरा चोर असता तर दुसऱ्या शिवीला फोन ठेवून मोकळा झाला असता. माझं सगळं बोलून होईपर्यंत निमूट ऐकून घेणारा माणूस उभ्या फरीदाबादेत एकच आहे."