विकतचं ऊन

“आता सांगतो ते तुमाला पटायचं न्हाय, संभाजीराव,” अप्पा फोनवर म्हणाले, “पण आमचा ऋषिराज उनात हुबा ऱ्हायला की उनालाच घाम फुटतो.”

फोनच्या पलीकडे शेळगावचे संभाजीराव होते. त्यांची डाळिंबाची बाग, एकुलती एक मुलगी वृषाली, आणि त्या मुलीची एकुलती एक अट. नवरा नोकरीवाला नको, बांधावर उभा राहणारा हवा. साऱ्या तालुक्यातल्या मुली ‘शेतकरी तेवढा नको’ म्हणत असताना ही एकटीच उलट्या दिशेला तोंड करून बसली होती. आलेली तीन स्थळं तिनं नुसते त्यांचे मऊ तळहात बघून परत पाठवली होती.

हे कानावर आल्यावर अप्पांची जीभ सुटली ती सुटलीच. “भर दुपारी ऊस खुरपतो. टोपी न्हाय, गमजा न्हाय. मी म्हणतो, अरं सावलीला ये. तर म्हणतो, अप्पा, सावलीत मला सर्दी हुती.”

“मग रविवारीच या,” संभाजीराव खुशीत म्हणाले. “पोरीला असाच पायजेल.”

अप्पांनी फोन ठेवला आणि मिशीवरून हात फिरवला. शेजारी लसूण सोलत बसलेल्या द्वारकाबाईंनी मान वर न करता विचारलं, “अवो, पोराला बघितलंय का तुमी हल्ली?”

ऋषिराज म्हणजे अप्पांचं शेंडेफळ. चार वर्षं तो बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होता. अंगात जाड जाकीट, डोक्याला कानटोपी, आणि भोवताली लोण्याच्या खोक्यांच्या थप्प्या. सूर्य उगवायच्या आत तो अंथुर्ण्याहून मोटरसायकलवर निघे आणि सूर्य मावळला की परत येई. अंधाऱ्या कोपऱ्यात पडलेल्या बटाट्याला फुटलेल्या पांढरट कोंबासारखा त्याचा रंग झाला होता.

मुलगा खोटा मात्र नव्हता. बारामतीच्या मार्केटात दोन गाड्यांमधल्या फटीतून डाळिंबाची भरलेली पिकअप रिव्हर्स घेणारी वृषाली त्याला एकदाच दिसली होती. मदतीला धावलेल्या हमालाला तिनं “तुमी बाजूला व्हा, तुमच्यामुळंच दिसंना झालंय” म्हणून सुनावलं होतं. त्या दिवसापासून ऋषिराजचं लोण्यावरनं लक्ष उडालं. तिची अट कळली, तेव्हा घरची शेतीच करायची असं ठरवून त्यानं राजीनामा दिला. नोटिशीचा महिना शनिवारी संपत होता. म्हणजे तो शेतकरी होणार होता सोमवारी, आणि मुलगी बघायला जायचं होतं रविवारी.

“खरं सांगून टाकू की, अप्पा,” तो म्हणाला.

“खरं लगीन झाल्यावर सांगायचं असतं. मी कधी सांगितलं का तुझ्या आईला?”

“मला पैल्या दिवशीच कळलं हुतं,” द्वारकाबाई म्हणाल्या.

तोड निघाली ती द्वारकाबाईंच्या भाच्याकडून. संदेशची एमआयडीसीजवळ जिम होती, आणि पुण्यातल्या एका बंद पडलेल्या स्पामधून त्यानं अंग काळं करायचं मशीन आणलं होतं. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत उतरणाऱ्या पोरांचं अंग काळं असलं म्हणजे स्नायू उठून दिसतात म्हणे. आपल्या भागात काळं व्हायला पैसे देणारी माणसं आहेत, हे ऐकून अप्पांनी कपाळाला हात लावला. गुरुवारी संध्याकाळी मात्र ऋषिराजची ड्युटी सुटली, तेव्हा ते पिशवी घेऊन त्याच्या गेटवर हजर होते.

मशीन एखाद्या भल्यामोठ्या पेटीसारखं होतं. तळाला काचेखाली नळ्या, झाकणाला नळ्या. मध्ये माणसानं आडवं व्हायचं, झाकण ओढून घ्यायचं, की वरून खालून निळा उजेड.

“ही तर आढी हाय,” अप्पांनी निकाल दिला. “आंबं पिकवतो, तसं पोरगं पिकवायचं.”

“मामा, थट्टा न्हाय ही,” संदेश म्हणाला. “पैल्यांदा झोपणाऱ्यानं तीन मिनटं, जास्त न्हाय. डोळ्याला गॉगल पायजेच. अंगाला तेल, अत्तर काय बी लावायचं न्हाय. कसल्या गोळ्या चालू असल्या तर आधी डॉक्टरला विचारायचं. आन् एकदा झालं की दोन दिवस मशीनकडं बघायचं न्हाय. खरं सांगू का? मी सोता ह्यात झोपत न्हाय. कातड्याला चांगलं नसतंय.”

“मग ठेवलंयस कशाला?”

“न्हाय ठेवलं तर पोरं दुसऱ्या जिमला जात्यात.”

गॉगलवरून थोडी वादावादी झाली. डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं असलेला शेतकरी अप्पांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पण संदेश ऐकेना. “गॉगल न्हाय तर मशीन न्हाय. डोळं गेलं तर पोरगी बघणार कशानं?” हा मुद्दा अप्पांना पटला.

कपड्यांचा हट्ट मात्र त्यांनी सोडला नाही. जिममधली पोरं चड्डीवर झोपत. अप्पांनी स्वतःची बाही वर करून संदेशला दाखवली. “हे बघ. कोपराच्या वर शेतकरी मोगऱ्यासारखा गोरा असतो. सगळीकडनं सारखा काळा झाला, तर तिला वाटंल डांबराच्या पिंपात पडला.” तेव्हा ऋषिराज अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पेटीत शिरला. कपड्यांनिशी झोपलेला त्या मशीनमधला तो पहिलाच माणूस. त्याला बघायला पोरं व्यायाम सोडून जमली.

कपडे बदलायच्या खोलीत काय झालं होतं, ते संदेशला ठाऊक नव्हतं. द्वारकाबाईंनी पिशवीत खोबरेलाची बाटली दिली होती. वांगं भाजायच्या आधी त्याला तेलाचा हात लावतात, एवढं त्या जाणून होत्या.

संदेशनं वेळ लावली, झाकण ओढलं, आणि तेवढ्यात पलीकडून आरोळी आली. कुणीतरी हौसेनं जास्त वजन घेऊन बारखाली अडकला होता. “मशीन आपोआप बंद हुईल, तुमी हात लावू नका,” असं ओरडत संदेश पळाला.

अप्पा स्टुलावर बसले. भोवती पाच-सहा पोरं, रिकामी. अप्पांना कुणी ऐकणारं भेटलं आणि ते गप्प बसले, असं अंथुर्ण्यात कुणाच्या आठवणीत नाही.

“पटायचं न्हाय तुमाला,” त्यांनी सुरुवात केली, “पण एका वर्षी आमचा ऊस असा दाट झाला, असा दाट झाला, की मी पानी बघाया आत गेलो आन् वाटच चुकलो.”

“मग वो?” एक पोरगा म्हणाला.

“मग काय, चालतोय. ऊस खायचा, चालायचं. ऊस खायचा, चालायचं.”

ठक्! मशीन बंद पडलं.

आता संदेशनं सांगितलेलं अप्पांच्या डोक्यात होतं, पण हातात नव्हतं. त्या हातानं चाळीस वर्षं विहिरीवरची मोटर चालवलेली. मोटर ठक् करून बंद पडली की शेतकरी विचार करत नाही, हिरवं बटण दाबतो. लाईट असेपर्यंत पाणी घ्यायचं, हा धर्म. अप्पांनी गोष्ट न तोडता हात लांब केला आणि हिरवं बटण दाबलं. मशीन पुन्हा घुमू लागलं.

“वाटंत मला आमचंच हरवलेलं रेडकू भेटलं. म्हैस झाली हुती त्याची.”

ठक्! हिरवं बटण.

“अप्पा, झालं का?” पेटीतून ऋषिराजचा आवाज आला.

“दम धर. आत्ता कुठं ऊस संपतोय!”

अप्पा उसातून बाहेर पडले ते थेट टेंभुर्णीला, सोलापूर जिल्ह्यात. टेंभुर्णी येईपर्यंत हिरवं बटण तीनदा दाबून झालं होतं. चौथ्यांदा हात लांब झाला, तो संदेशनं वरच्या वर पकडला.

“मामा! काय केलंत हे?”

“अरं, सारखं ट्रिप हुतंय तुझं मशीन. वायरमनला दाखव.”

संदेशनं झाकण उचललं. ऋषिराज गुलाबी दिसत होता, खोबरेलाचा वास येत होता, आणि तो शांतपणे म्हणाला, “अप्पा, त्या म्हशीचं पुढं काय झालं?”

सकाळी कळलं. कोपरापासून बोटांपर्यंत, चेहरा, मान, गळा, पिंढऱ्या, सगळं लालबुंद. मधोमध डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं. द्वारकाबाईंनी चहाचा कप तिथंच ठेवला.

“अवो, काळा करून आणा म्हनलं हुतं मी. भरीत करून न्हाय!”

संदेश मोटरसायकलवरून आला, अप्पांकडे न बघता ऋषिराजला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी मलम दिलं, गार पाण्याच्या पट्ट्या सांगितल्या आणि त्या मशीनचं नावही काढू नका म्हणून बजावलं. दुपारी ऋषिराज ड्युटीवर गेला. कोल्ड स्टोरेजचं दार उघडून तो आत शिरला, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच त्याला ती नोकरी सोडवेना.

शनिवारी संध्याकाळी तो अंगणात खाटेवर बसला होता. हात गुडघ्यांवर अलगद ठेवलेले, कशाला लागू नयेत असे. अप्पा शेजारी बसून एका पुठ्ठ्यानं त्या हातांवर वारा घालत होते. 

“अप्पा,” ऋषिराज म्हणाला, “माझं असं माकडासारखं तोंड बघून ती न्हाय म्हनली तर?”

  अप्पांनी पुठ्ठ्याचा हात बदलला आणि वारा घालत राहिले.

रविवारी निघताना द्वारकाबाईंनी पानाच्या डब्यातला काथ कालवून ती पांढरी वर्तुळं भरून काढली. लांबून बरं दिसत होतं. जवळून, पोराच्या दोन डोळ्यांवर कुणीतरी विटकरी रंगाचे बिल्ले डकवल्यासारखं. शेवटी त्यांनी ते पदरानं पुसलं. निम्मं गेलं, निम्मं राहिलं.

शेळगावला संभाजीरावांच्या पडवीत सतरंजी अंथरलेली होती. ऋषिराजची मान वळत नव्हती, म्हणून तो प्रत्येकाला कमरेपासून सगळा वळून रामराम घालत होता.

“पावणं, टेका की भितीला,” संभाजीराव म्हणाले.

“न्हाय न्हाय,” अप्पा म्हणाले, “त्याला ताठच बसायची सवय. शेतात टेकायला भिंत कुठनं आणायची?”

वृषाली चहा घेऊन आली आणि समोर बसली. तिनं खाली बघितलं नाही, सरळ ऋषिराजकडेच बघितलं. संभाजीरावही बघत होते.

“अप्पा, पोरगं जरा जास्तच तापलंय वो.”

“मग सांगत काय हुतो?” अप्पा सरसावले. “परवा ह्यानं दिवसभर उसात खुरपलं. मी भाकरी घिऊन गेलो, तर भाकरी ह्याच्या हातावर ठिवल्याबरोबर टम्म फुगली!”

संभाजीराव हसले. द्वारकाबाईंनी अप्पांच्या पायाला कोपर मारलं. ऋषिराजला ठसका लागला. त्यानं तांब्या उचलला, कमरेपासून मागं कलून वरून पाण्याची धार तोंडात धरली आणि तांब्या खाली ठेवला. वृषाली ते बघत होती.

“अप्पा, एक इचारू का?” ती म्हणाली. “ह्यांच्या हनवटीच्या खाली बी भाजलंय. हाताच्या आतल्या अंगाला बी. अंथुर्ण्यात सूर्य खालनं उगवतो का?”

 द्वारकाबाईंनी डोळे मिटून घेतले. अप्पांनी चहाचा एक घोट घेतला, तेवढा वेळ त्यांना पुरला.

“पोरगी हुशार हाय हां, संभाजीराव! अगं, आमच्या उसाला कॅनॉलचं पाटपानी. परवा सगळं रान भरून घेतलं. वर ऊन, खाली पानी. सगळं शिवार आरशासारखं चमकत हुतं. वरचं ऊन डोक्यावर, पान्यातलं ऊन हनवटीला. दोन सूर्यांच्या मधी हुबं हुतं पोरगं!”

“अप्पा, बास,” ऋषिराज म्हणाला. तो अप्पांकडे वळला नाही, वळताच येत नव्हतं. तो समोरच बोलला. “मी डेअरीच्या कोल्ड स्टोरेजला हुतो, चार वर्षं. कालच सुटलो. शेती उद्यापास्नं करणार हाय, आन् मला अजून काय येत न्हाय. तुमाला शेतातला माणूस पायजेल म्हणून जिममधल्या मशीनमधी झोपलो, आन् भाजलो. माझे हात बी मऊच हायत.”

त्यानं तळहात उघडून समोर धरले. हातांची तेवढीच काय ती जागा मशीनमधून सुटली होती.

वृषाली त्या हातांकडे बघत राहिली. तिच्या ओठांचा एक कोपरा हलला, तो तिनं लगेच सरळ केला. अप्पांना मात्र तो दिसला नाही. पोराचा संसार डोळ्यांदेखत बुडताना बघून त्यांनी शेवटची उडी घेतली.

“तापात बरळतंय ते! त्याचं ऐकू नगस, पोरी. मी सांगतो ते खरं. पानीच हुतं. शपथ घिऊन सांगतो, गुडघाभर पानी हुतं रानात!”

वृषाली उठली. पडवीच्या कडेला कुंडीत कोरफड होती. तिचं एक जाडजूड पान तिनं मोडलं, सोललं आणि द्वारकाबाईंच्या हातात दिलं.

“कॅनॉलच्या पान्याचं आवर्तन अजून सुटलंच न्हाय, अप्पा,” ती म्हणाली. “आमची बाग बी टँकरवर हाय. साफ खोटं बोलताय तुमी. आई, हे लावा ह्यांना. आन् लगीन तुळशीच्या लग्नानंतर धरा, तवर नवं कातडं यील.”