अर्ध्या दिवसाची खोली

खोटं बोलायचं असं घुम्यानं मुळीच ठरवलं नव्हतं. परदेशात पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी घरी व्हिडिओ कॉल करताना त्यानं एवढंच ठरवलं, की फोन दाराजवळच्या स्टुलावर उभा करायचा आणि आपण पलंगाच्या कडेला, खिडकीकडे पाठ करून बसायचं. बस्स. खिडकी मोठी होती, तिच्यातून आभाळ भरपूर दिसायचं, आणि कठड्यावर कुंडीत एक झाडही होतं (झाड दुसऱ्याचं होतं, पण झाडावर मालकाचं नाव थोडंच लिहिलेलं असतं?). फोनमध्ये न येणाऱ्या गोष्टी म्हणजे डावीकडची भिंत आणि उजवीकडची भिंत. घुम्यानं दोन्ही हात पसरले की ते एकाच वेळी दोन्ही भिंतींना लागत. कपाटावर शेगडी होती आणि शेगडीवर वाळत घातलेले मोजे.

"ही माझी खोली," तो म्हणाला.

आणि हे अगदी खरं होतं. संध्याकाळी सातपासून सकाळी अकरापर्यंत ती त्याचीच होती. उरलेल्या वेळात ती पाववाल्याची होती. पाववाला रात्रभर बेकरीत भट्टीपुढे उभा राहायचा आणि अकराच्या सुमाराला येऊन त्याच पलंगावर आडवा व्हायचा. त्या शहरात आख्खी खोली परवडायला माणूस एक तर मोठा साहेब तरी असावा लागतो किंवा मोठ्या साहेबाचा जावई तरी. घुम्या यांपैकी काही नव्हता. तो दात करायचा.

म्हणजे कवळ्या. एका लॅबमध्ये तो वर्षभराच्या करारावर आला होता. दिवसभर प्लास्टरचे जबडे समोर मांडून मेणात एकेक दात रोवायचा, रंग जुळवायचा, घासायचा, चमकवायचा. अर्धं शहर त्याच्या हातच्या दातांनी हसत होतं, पण त्याच्याकडे बघून कोणी हसल्याचं त्याला काही आठवत नव्हतं.

घुम्या हे अर्थात पाळण्यातलं नाव नव्हे. लहानपणी त्याला ताप आलाय हे अंगाला हात लावल्यावरच कळायचं, तो स्वतःहून सांगायचा नाही, म्हणून आईनंच ते नाव ठेवलं. त्यामुळे घरी त्याची खोली हळूहळू वाढत चालली तरी तो काही बोलला नाही. आईनं आत्याला सांगितलं, खिडकी फार मोठी आहे. आत्यानं पुढे सांगितलं, दोन खोल्या आहेत. तिसऱ्या महिन्यात त्या घराला गच्ची आली. कोणी बांधली कोण जाणे. "गच्चीवर उन्हात फार बसू नकोस हं," असं आई म्हणाली तेव्हा घुम्या "नाही बसत" म्हणाला. हेही खरंच होतं.

बाकी दिवस लॅबमध्ये जायचे. रविवार मात्र अंगावर यायचा. अकराच्या ठोक्याला खोली सोडायची आणि संध्याकाळी सातपर्यंत काहीतरी करून वेळ काढायचा. आधी वाचनालय. ते दुपारी बंद झालं की बस, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. मग मोठ्या दुकानातली बाकं. तिथला पहारेकरी त्याला ओळखायला लागला होता. ओळखायचा म्हणजे, हा आला की बाजूच्या बाकावर येऊन बसायचा आणि नजर ठेवायचा. घुम्याला फार एकटं वाटायचं. बसच्या काचेला डोकं टेकून तो आपल्या घरच्या खोलीचा विचार करायचा. लहानच होती, पण चोवीस तासांची होती. दुपारी दोन वाजता जाऊन आडवं पडलं तरी कोणी उठवायला येत नसे.

आणि अशातच लॅबच्या साहेबानं बोलावून सांगितलं, काम चांगलं आहे, आणखी दोन वर्षांच्या करारावर सही कर, सोमवारी उत्तर दे.

घुम्याचं उत्तर तयार होतं. फक्त ते आधी घरी सांगायचं होतं, कारण तो गेला तेव्हा बाबांनी "आमचा मुलगा परदेशात" हे इतक्या लोकांना सांगितलं होतं, की आता परत यायचं तर त्या सगळ्यांची परवानगी काढल्यासारखंच होतं. आठवडाभर तो प्लास्टरच्या जबड्यांपुढे तालीम करत होता. "आई, मला इथं नाही राहायचं. करार संपला की मी घरी येतो." जबड्यांनी कधी मध्ये तोंड घातलं नाही, त्यामुळे तालीम छान झाली.

रविवारी साडेनऊला त्यानं कॉल लावला. वर इस्त्रीचा शर्ट घातला होता. खाली टॉवेल होता, कारण दोन्ही पँटी आणि बाकी सगळं तळघरातल्या मशीनमध्ये होतं, आणि टॉवेल फोनमध्ये येत नव्हता. तिकडे सोफ्यावर आई, बाबा आणि आत्या ओळीनं बसले होते.

"आई, मला एक सांगायचं होतं."

"सांग की. आधी हे सांग, बारीक का दिसतोस?"

"उजेडामुळे. आई, माझा करार..."

"वाढवला ना?" बाबा पुढे सरकले. "मी म्हणालोच होतो. माझा मुलगा आहे."

"हो, म्हणजे वाढवतायत, पण मी..."

इतक्यात गजर वाजला. मशीन थांबल्याचा गजर. कपडे दहा मिनिटांत काढले नाहीत, तर पुढचा भाडेकरू ते थेट फरशीवर टाकतो, असा त्या इमारतीचा रिवाज होता.

"कसला गजर रे?"

"कपडे झाले. एक मिनिटात आलो, खाली मशीन आहे."

"खाली?" आत्याचे डोळे मोठे झाले. "म्हणजे दुमजली?"

त्यावर घुम्या नेहमीप्रमाणे काही बोलला नाही. बादली उचलून बाहेर पडला. मागे दार आपोआप लागलं.

ते दार आपोआप लागतं हे त्याला ठाऊक होतं. किल्ली आत आहे, फोन आत आहे आणि आपण टॉवेलवर आहोत, हे दार लागल्यावर ठाऊक झालं. जादा किल्ली तळमजल्यावरच्या घरमालकिणीकडे होती. लिफ्टमध्ये कोणी भेटायला नको म्हणून घुम्या टॉवेल एका हातानं धरून चार जिने उतरला. मालकिणीच्या दारावर चिठ्ठी होती, संध्याकाळी सहानंतर भेटेन. मग तळघरात जाऊन त्यानं सगळ्यात कमी ओली वाटणारी पँट पिळून पायात चढवली. बादली घेऊन तो परत चार जिने चढला. पँटमधून पाणी गळत होतं आणि पायरीपायरीवर त्याचा माग उमटत होता.

नेमका त्याच वेळी पाववाला लिफ्टनं वर गेला होता. बेकरीतली भट्टी बंद पडल्यामुळे त्याला तासभर आधी सुट्टी मिळाली. आपल्या किल्लीनं दार उघडल्यावर खोली रिकामी बघून त्याला वाटलं, घुम्या आज लवकर बाहेर पडला असेल. तो चार दिवसांचा थकलेला होता. फोनकडे त्याचं लक्षच गेलं नाही. कपडे बदलायचंही त्राण नव्हतं. पीठ लागलेल्या अंगानिशी तो पलंगावर पडला. कानात बुचं त्यानं लिफ्टमध्येच घातली होती.

या बुचांबद्दल सांगायलाच हवं. पाववाल्याला दिवसा झोप येत नाही म्हणून घुम्यानं दातांची मापं घेतात त्या रबरानं त्याच्या कानांची मापं घेऊन ती केली होती. घुम्याच्या हातून आजवर झालेलं ते सगळ्यात चोख काम. ती घातली की शेजारी इमारत पाडली तरी पाववाल्याला कळलं नसतं.

घुम्या चौथ्या मजल्यावर पोचला तेव्हा दारातून आवाज येत होते.

"अगंबाई! हा कोण?"

"चोर!" बाबा ओरडले. "चोर शिरलाय घरात!"

"चोर झोपतो होय?" आत्या.

"दमला असेल! दोन मजली घर आहे, वरखाली करून दमणार नाही?"

"बाबा!" घुम्यानं दारावर थाप मारली. "मी बाहेर आहे! दार लागलंय!"

"ऐकलंत? त्याचा आवाज! त्याला कोंडून घातलंय हो मेल्यानं!" आई रडायलाच लागली. "पोलिसांना फोन करा!"

"इथल्या की तिथल्या?"

"दोन्हीकडच्या करा!"

"ए! ऊठ!" बाबा फोनमध्ये तोंड घालून पाववाल्यावर गरजले. "आमच्या मुलाच्या पलंगावरून ऊठ आधी!"

पाववाल्यानं कूस बदलली.

समोरचं दार साखळीइतकं उघडलं आणि एका म्हातारीनं घुम्याकडे, त्याच्या बादलीकडे आणि त्याच्या पँटीतून झालेल्या तळ्याकडे पाहिलं. घुम्यानं तिला नमस्कार केला. दार लागलं.

"चोर नाही तो!" घुम्या दाराला तोंड लावून ओरडला. "तो इथंच राहतो!"

"कुठं?"

"याच खोलीत!"

"मग तू कुठल्या खोलीत?"

"मीपण याच! खोली एकच आहे! रात्री मी झोपतो, दिवसा तो झोपतो!"

मग आत्याचा बारीक आवाज आला. "आणि गच्ची?"

"गच्ची मी म्हणालोच नव्हतो! गच्ची तुम्ही लोकांनी बांधलीत!"

आणि काय झालं कोण जाणे, सव्वीस वर्षं घुमेपणात काढलेला हा मुलगा त्या दिवशी एका बंद दारापुढे सुटला. रविवार सांगितले, बस सांगितली, बाकावरचा पहारेकरी सांगितला. दहा महिन्यांत लॅबबाहेर आपण कोणाशी बोललो असू तर ते बसच्या ड्रायव्हरशी, आणि तेही फक्त "शेवटचा स्टॉप", हेसुद्धा सांगितलं. बोलता बोलता तो दाराला टेकून खाली बसला.

"मला नाही राहायचं इथं. मला घरी यायचंय, आई. उद्या मी नाही म्हणून सांगणार आहे. मला माझी खोली हवीय."

आतून उत्तर येईना. नेट गेलं की काय, असं त्याला वाटलं. मग कुजबुज ऐकू आली.

"आता तुम्हीच सांगा."

"मी कशाला? कल्पना तुझी होती."

"मला मेलीला काय माहीत, तो परत यायचं म्हणेल? एवढं मोठं घर म्हणून..."

घुम्या चरकला. गेले पाच महिने घरचे प्रत्येक कॉलला त्याच सोफ्यावर, त्याच भिंतीपुढे बसलेले असत, हे त्याला आत्ता कुठे जाणवलं. फोन घेऊन कोणी कधी आत गेलं नव्हतं.

"आई, काय झालंय?"

"काही नाही रे. तू ओरडू नकोस बाई आधी, तो उठेल," आई हळू आवाजात म्हणाली. तिचं रडणं थांबलं होतं. "रात्रभर भट्टीपुढे उभा असतो म्हणतोस. किती शांत झोपलाय बघ लेकरू. त्याची आई कुठं असेल कोण जाणे."

"त्याला ऐकू येत नाही!"

"म्हणून काय ओरडायचं? बस तिथं जिन्यावर. उठला की उघडेल."

"आई, माझी खोली!"

"हां, ती..." आई बाबांकडे पाहत असावी. "अरे, धाकट्याचं लग्न झालं ना. तुला रजा मिळाली नाही त्या महिन्यात. ती दोघं कुठं झोपणार? तू तिकडे राजासारखा राहतोयस, असं आम्हाला वाटलं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. तुझे कपडे नीट घडी करून माळ्यावर ठेवलेत हं, डांबरगोळ्या घालून."

दाराच्या या बाजूला घुम्या ओल्या पँटीत बसून होता. त्याला रडू येत होतं आणि त्या रडण्याचीही लाज वाटत होती, कारण म्हातारीच्या दाराची साखळी पुन्हा वाजली होती.

"भावजी, आम्ही बाहेर हॉलमध्ये झोपू," असा एक नवखा आवाज आला. धाकट्याची बायको असावी. तिचं तोंडही त्यानं नीट पाहिलेलं नव्हतं.

"गप गं, नव्या नवरीनं हॉलमध्ये झोपायचं?" आत्या म्हणाली.

मग बाबांनी मांडीवर थाप मारल्याचा आवाज आला. त्यांना काहीतरी सुचलं होतं. हा आवाज आला की घरात सगळे गप्प बसत. बाबा बोलले तेव्हा त्यांच्या स्वरात, मुलगा परदेशात गेल्याच्या दिवसानंतर पहिल्यांदाच, इतका आनंद होता.

"अरे, मग अडचण कसली? खुशाल ये! हे दोघं सकाळी नऊला ऑफिसला जातात, सातला येतात, तोवर खोली रिकामीच असते. तुला तर आता चांगली सवय झालीय. तू फक्त एक कर, इथं येण्याआधी रात्रपाळीची नोकरी बघ!"