चोलिंग मावशीची दाढ

पदवीसाठी जोवीला आता एकच सही हवी होती, आणि ती चोलिंग मावशीच्या उजव्या दाढेवर अडली होती. फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या दंत महाविद्यालयात पेशंट ज्याचा त्याने आणायचा. तीन आठवडे गल्लीभर लोकांच्या तोंडात डोकावून जोवीने शेवटी सख्खी मावशी धरून आणली. कीड कोरून झाली. तपासणाऱ्या मॅडमनी खड्डा पाहून कार्डावर सही केली आणि लेकीच्या बाळंतपणासाठी बाकोलोदची बोट गाठली. आता उरलं खड्ड्यात भरण चिकटवणं.

चिकटवणं म्हणजे एका घरात दोन सासवा सांभाळणं. दाताचं वरचं कवच कोरडं हवं, आतला थर मात्र जरासा ओलसर. तो फार सुकला की चिकटद्रव आत मुरत नाही. आणि थुंकी लागली की सगळंच मुसळ केरात. थुंकी अडवणारा रबराचा पडदा मावशीने "जीव गुदमरतो" म्हणून आधीच काढायला लावला होता.

जोवीने आम्ल लावलं, धुतलं, बेताने टिपलं आणि चिकटद्रवाचा ब्रश उचलला.

"यंदा फिएस्टाच्या गावजेवणाला डुक्कर कोण देतंय, कळलं का गं?" मावशीने विचारलं. दाढ थुंकीत न्हाऊन निघाली.

पुन्हा आम्ल, पुन्हा धुणं. या खेपेला मावशी इतकी गप्प होती की जोवीलाच काळजी वाटली. "दुखतंय का मावशी?"

"छे गं, उलट बरं..."

"बोलू नको म्हटलं होतं ना?"

"तूच विचारलंस की."

जोवीचं डोकं फिरलं. "आता रात्री जेवेपर्यंत एक शब्द काढलास तर सगळं गळून पडेल. मी स्वतः विचारलं तरी बोलायचं नाही." ही शुद्ध थाप होती, निळा दिवा मारला की भरण तिथल्या तिथे घट्ट होतं. पण मावशीने त्यानंतर तोंड उघडलं ते फक्त दाढ दाखवायला.

आणि तिसऱ्या खेपेला दाताच्याच रंगाचं भरण असं काही बसलं की त्याची कड जोवीलाही सापडेना. मॅडमच्या जागी डॉक्टर लाक्सामाना तपासायला आले. त्यांनी आरसा फिरवला, चष्मा पुसला, पुन्हा आरसा फिरवला.

"कार्डावर खड्डा आहे. तोंडात कुठाय?"

"भरला, सर."

"ही दाढ धडधाकट आहे. पेशंट बदललास ना? गेल्या वर्षी एकाने जुळा भाऊ आणून बसवला होता."

"सर, ही माझी सख्खी मावशी आहे."

"सगळ्यांच्या मावश्याच असतात." ते मावशीकडे वळले. "सकाळी या खुर्चीत तुम्हीच होतात?"

बोलता येत नाही हे सांगायला मावशीने तोंडावर हात ठेवून जोरजोरात नकाराची मान हलवली.

"बोल ना गं मावशी," जोवी रडकुंडीला आली. "मीच सांगतेय, बोल."

मला फसवतेस होय, अशा नजरेने मावशीने तिच्याकडे पाहिलं आणि ओठ आणखी आवळले. सरांनी कार्डावर काट मारली. "उद्या शेवटचा दिवस. खरा पेशंट आण."

रात्री मावशीने भाताचा पहिला घास गिळला आणि तोंड उघडलं. "डाव्या बाजूलाही एक भोक आहे बघ. उद्या ते भर."

जोवीच्या जिवात जीव आला.

"पण उद्या मी बोलणार हं," मावशी म्हणाली. "आज तुझं ऐकून गप्प बसले, काय उपयोग झाला?"