सखाहरीची चाळीस रात्रींची धूळ

एका जंगलात, मुलांनो, सखाहरी नावाचा एक साळिंदर राहायचा. नीट बसा आधी, आणि तो मोबाईल खाली ठेवा.

सखाहरीला एकच वेड. दुर्बिणीला कॅमेरा लावायचा आणि लांबच्या एका दीर्घिकेचा फोटो काढायचा. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं गाव. आता गावाचा फोटो काय, कुणीही काढेल. याला हवी होती गावाभोवतीची धूळ. ती इतकी पुसट, की एका रात्रीत कॅमेऱ्याला पत्ताच लागत नाही. म्हणून हा पठ्ठ्या चाळीस रात्री टेकडीवर बसला. सगळे फोटो एकावर एक रचले, तेव्हा कुठे दीर्घिकेभोवती फिकट तपकिरी पदर उमटला. सखाहरी चक्क रडला. स्वतःच्या लग्नातही त्याला एवढा आनंद झाला नव्हता.

"बघ गं," तो बायकोला म्हणाला. "ही धूळ या जंगलात आजवर कुणी पाहिलेली नाही."

"आणि आम्ही तुम्हाला चाळीस दिवस पाहिलेलं नाही," ती म्हणाली. पण फोटो तिने दोनदा पाहिला.

राजेसाहेबांच्या वाढदिवसाला फोटोंचं प्रदर्शन होतं. सगळ्या जंगलाने ती धूळ पाहावी, एवढीच सखाहरीची इच्छा. फोटो मोठा छापायला त्याने रंगनाथ मुंगसाच्या स्टुडिओत दिला.

रंगनाथ कामाला एकदम चोख. एक डाग त्याच्या नजरेतून सुटायचा नाही. नुकतेच त्याने लग्नाच्या अल्बममधून नवरदेव बिबट्याचे सगळे ठिपके काढून दिले होते. सासरची मंडळी जाम खूश होती.

प्रदर्शनाच्या दिवशी पडदा सरकला. काळंकुळकुळीत आकाश, मधोमध झगझगीत दीर्घिका. धूळ गायब.

"रंगनाथ, अरे धूळ कुठाय?"

"काढली की," रंगनाथ प्रेमाने म्हणाला. "केवढा मळला होता फोटो. अर्ध्या मिनिटाचं तर काम. आभारबिभार नको मानू."

सखाहरीच्या अंगावरचा एकेक काटा उभा राहिला. तेवढ्यात राजेसाहेबांनी पहिलं बक्षीस जाहीर केलं. "इतकं स्वच्छ आकाश आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं," असं म्हणून त्यांनी सखाहरीच्या अंगावर शाल घातली. ती काट्यांत अशी अडकली, की काढता येईना. सखाहरी बिचारा सांगत होता, पण टाळ्यांत कुणाला काही ऐकू गेलं नाही.

खरा फोटो मग त्याने आपल्या बिळात भिंतीवर लावला. आठवड्याने राजेसाहेब चहाला आले. त्या फोटोसमोर बराच वेळ थांबले. जवळ गेले. मान तिरकी करून पाहिलं. सखाहरीने लगबगीने दिवा जवळ धरला.

"भिंतीची ओल फोटोत उतरलीय हो," राजेसाहेब हळहळले. "उद्याच रंगाऱ्याला पाठवतो."

तात्पर्य: आकाशातली धूळ टिपायला चाळीस रात्री लागतात, झटकायला अर्धं मिनिट. बक्षीस अर्ध्या मिनिटाला मिळतं. तेव्हा मुलांनो, लवकर झोपत जा.